घर बांधण्याआधी करार बांधा!

आयुष्यभराची कमाई विटा-सिमेंटमध्ये ओतताना आपण फरशीचा रंग दहादा पाहतो, पण ज्या कागदावर सही करायची तो एकदाही नीट वाचत नाही. आर्किटेक्ट, ठेकेदार आणि घरमालक या तिघांमध्ये जोखमीची वाटणी करणारा हा कागद असतो तरी काय?

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघाले, की सुमारे ४० किलोमीटरवर कोवलम लागते. केरळातले प्रसिद्ध कोवलम वेगळे, हे तामिळनाडूतले. एका अंगाला मुट्टुकाडूची खाडी, दुसऱ्या अंगाला बंगालचा उपसागर, मधे कोळ्यांची जुनी वस्ती. १९७४ पासून इथे मोठे हॉटेल आहे. जवळच, ज्यात दक्षिणेकडची जुनी घरे उचलून आणून पुन्हा उभी केली आहेत, ते 'दक्षिणचित्र' १९९६ पासून पर्यटकांना खुणावते आहे. २०२१ साली इथल्या किनाऱ्याला स्वच्छतेचे 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. साहजिकच नोकरीधंद्यासाठी चेन्नईत आलेल्या अनेकांना इथे हक्काचे छोटेसे घर असावे असे वाटते.

समजा, पुण्याहून चेन्नईत आलेल्या एका मराठी कुटुंबाने इथे जमीन घेतली आहे. आर्किटेक्टने सुंदर नकाशा काढून दिला. ठेकेदाराने वहीच्या एका पानावर लिहून दिले, 'मालासह, मजुरीसह, चौरस फुटाला अमुक दर. काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण.' सह्या झाल्या, नारळ फुटला, काम सुरू झाले.

मे महिना उजाडला तरी स्लॅब पडलेला नाही. घरच्या बाईंनी विचारले, "अहो, जूनमध्ये पाऊस येईल ना! तुम्ही तर पावसाळ्यापूर्वी म्हणाला होतात."

ठेकेदार शांतपणे म्हणतो, "अम्मा, पावसाळा ऑक्टोबरात. अजून खूप वेळ आहे."

दोघेही खरेच बोलत आहेत! महाराष्ट्राचा पावसाळा जून ते सप्टेंबर. चेन्नईच्या किनाऱ्यावरचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. 'पावसाळ्यापूर्वी' या एका शब्दात चार महिन्यांचा फरक दडलेला आहे. या चार महिन्यांचे घरभाडे आणि कर्जाचे व्याज कोणी भरायचे? वहीच्या पानावर त्याचे उत्तर नाही. करारात तारीख हवी, ऋतू नको, हा पहिला धडा.

विकत घेतलेले घर आणि बांधलेले घर

बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्याला आता कायद्याचा बराच आधार आहे. २०१६ च्या 'रेरा' कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या सांगाड्यात दोष निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. कराराचा नमुनाही नियमांनी ठरवून दिलेला आहे.

पण स्वतःच्या जमिनीवर स्वतः घर बांधणाऱ्याचे काय? तिथे विक्री नाही, बिल्डर नाही, म्हणून 'रेरा'ही नाही. अशा वेळी संरक्षण देणारी मुख्य गोष्ट एकच. घरमालकाने आर्किटेक्टशी केलेला एक करार आणि ठेकेदाराशी केलेला दुसरा करार. कोवलमला बांधा, अलिबागला बांधा नाही तर सावंतवाडीला, गोष्ट तीच.

मौलिवाक्कमची संध्याकाळ

कागदावरच्या जबाबदाऱ्या किती खऱ्या असतात, हे चेन्नईने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. २८ जून २०१४ च्या संध्याकाळी पावसात मौलिवाक्कम या उपनगरातली, बांधकाम चालू असलेली ११ मजली इमारत पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळली. ६१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक पोटासाठी परगावाहून आलेले मजूर होते. पोलिसांनी विकासकाबरोबरच बांधकामाशी संबंधित तंत्रज्ञांनाही अटक केली. निवृत्त न्यायमूर्ती आर. रेगुपती यांचा चौकशी आयोग नेमला गेला. शेजारचा जुळा मनोराही धोकादायक ठरला आणि २ नोव्हेंबर २०१६ रोजी स्फोटके लावून पाडण्यात आला.

अशा दुर्घटनेनंतर पहिला प्रश्न येतो, 'जबाबदार कोण?' मातीची तपासणी कोणी केली? खांबांचे गणित कोणी मांडले, कोणी तपासले? नकाशाप्रमाणे काम होते आहे का, हे पाहायला रोज साइटवर कोण होते? ज्या कामात ही उत्तरे आधीच लिहिलेली असतात, तिथे प्रत्येकजण आपापली जागा सांभाळून असतो. जिथे लिहिलेली नसतात, तिथे प्रत्येकाला वाटते की हे काम दुसऱ्याचे आहे. करार हा भांडणासाठी असतो हा आपला समज आहे. खरे तर तो काम नीट व्हावे म्हणून असतो.

कोण काय करतो?

घराच्या कामात निदान चार माणसे असतात. मालक, आर्किटेक्ट, सांगाड्याचे गणित करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि ठेकेदार. ठेकेदाराच्या हाताखाली मुकादम, ज्याला चेन्नईत मेस्त्री म्हणतात.

आर्किटेक्ट हा शब्द कोणालाही पाटीवर लावता येत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार 'कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर'कडे नोंदणी असलेल्यालाच ती उपाधी लावता येते. पण इथे एक मेख आहे. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुकेश गोयल खटल्यात स्पष्ट केले, की हा कायदा उपाधीला संरक्षण देतो, त्या प्रकारचे काम करण्याची मनाई इतरांना करत नाही. म्हणजे नोंदणी नसलेला माणूसही 'डिझायनर' म्हणून नकाशा काढून देऊ शकतो. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारणे हे मालकाचेच काम. त्यात संकोच कसला? डॉक्टरच्या पाटीवरची पदवी आपण वाचतोच की!

दुसरा मोठा गैरसमज देखरेखीचा. 'आर्किटेक्टला फी दिली, म्हणजे तो रोज साइटवर उभा राहणार' असे बहुतेकांना वाटते. कौन्सिलच्या सेवाशर्तींत मात्र आर्किटेक्टने कामाच्या गरजेनुसार ठरावीक काळाने भेट द्यावी अशी अपेक्षा आहे. रोजच्या देखरेखीसाठी मालकाने वेगळा माणूस नेमायचा असतो. हे आधी न बोलल्यामुळे कटुता येते. मालक म्हणतो, 'तुम्ही असताना हे घडलेच कसे?' आर्किटेक्ट म्हणतो, 'त्या दिवशी मी नव्हतोच.' भेटी किती, कोणत्या टप्प्यावर, जादा भेटीचे पैसे किती, हे चार ओळींत लिहिले की हा वाद उरत नाही.

फीचेही तसेच. कल्पनाचित्र, प्राथमिक आराखडा, मंजुरीचे नकाशे, कामाचे तपशीलवार नकाशे व निविदा, ठेकेदाराची निवड, बांधकाम आणि पूर्तता असे कामाचे सात टप्पे कौन्सिलने मांडले आहेत. फी टप्प्याटप्प्याने द्यायची, म्हणजे मधेच काम थांबले तरी कोणाचे नुकसान होत नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. फी भरली तरी नकाशांचा कॉपीराइट, वेगळे ठरले नसेल तर, आर्किटेक्टकडेच राहतो. त्याच नकाशावर धाकट्या भावाचे घरही बांधायचे, तर परवानगी घ्यावी लागते.

छापील कराराची जन्मकथा

प्रत्येक घरासाठी नवा करार लिहायचा तर वकिलाची फी परवडायची नाही. त्यातूनच नमुना करार जन्माला आले. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने १८८८ मध्ये असा एक सर्वांना चालेल असा नमुना तयार केला. ब्रिटनमध्ये १९३१ साली त्यासाठी संयुक्त मंडळ स्थापन झाले. मोठ्या आंतरराष्ट्रीय कामांसाठी १९५७ पासून 'फिडिक'चे लाल पुस्तक आले.

आपल्याकडच्या कथेची मुळे मुंबईत आहेत. १९१७ च्या मे महिन्यात सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकला शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एक संघटना काढली. गेट वे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. हीच संघटना १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. या संस्थेचा ठेकेदाराशी करायचा नमुना करार देशभर वापरला जातो.

नमुना कराराचा फायदा काय? जोखीम कोणी उचलायची याचा विचार त्यात आधीच झालेला असतो. तत्त्व साधे आहे. जो धोका ज्याच्या हातात आहे, तो त्याने उचलावा. काँक्रीट कच्चे राहिले, धोका ठेकेदाराचा. नकाशात जिना चुकला, आर्किटेक्टचा. जमिनीचा मालकी हक्क वादात निघाला किंवा मालकाने मधेच स्वयंपाकघर हलवले, मालकाचा. आणि जे कोणाच्याच हातात नाही, म्हणजे वादळ, पूर, भूकंप, त्यासाठी मुदतवाढ व विमा.

परिशिष्टातल्या रिकाम्या जागा

छापील करार बाजारातून आणला, शेवटच्या पानावर सह्या केल्या, की काम झाले असे नाही. मागे एक परिशिष्ट असते आणि त्यात रिकाम्या जागा. काम सुरू होण्याची तारीख, पूर्ण होण्याची तारीख, उशिराची भरपाई, प्रत्येक बिलातून रोखून ठेवायची रक्कम, दोषदायित्वाचा काळ, बिल किती दिवसांत चुकते करायचे. या जागा कोऱ्या राहिल्या, तर बाकीची सारी कलमे अर्धांगवायू झाल्यासारखी.

एक उदाहरण घेऊ. समजा, काम ६० लाखांचे आहे. प्रत्येक बिलातून ५ टक्के रोखायचे ठरले, तर अखेरीस ३ लाख रुपये मालकाकडे राहतात. घर राहण्याजोगे झाले की त्यातले दीड लाख ठेकेदाराला द्यायचे. उरलेले दीड लाख १२ महिन्यांच्या दोषदायित्व काळानंतर. बारा महिनेच का? कारण त्यात एक अख्खा पावसाळा येतो. गच्ची गळते का, भिंतीला ओल येते का, हे पावसाइतके खरे दुसरे कोणी सांगत नाही.

उशिराची भरपाई आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल ५ टक्के ठरली, तर आठवड्याला ३० हजार, दहा आठवड्यांत ३ लाख. इथे 'दंड' म्हणून वाटेल तो आकडा टाकून उपयोग नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते. कराराचा आकडा ही तिची वरची मर्यादा असते.

आणि ठेकेदाराची बाजूही पाहायला हवी. मालकाने फरशी निवडायला दोन महिने लावले, तर तो उशीर ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही. बदल सांगितला, की तो कागदावर हवा. काय बदलले, किती पैसे वाढले, किती दिवस वाढले. तोंडी बदलांची यादी शेवटच्या बिलाच्या वेळी बाहेर पडते आणि मग चांगली माणसेही भांडतात.

एका सहीची किंमत

ठेकेदाराला पैसे कधी द्यायचे? चांगल्या करारात आर्किटेक्ट झालेले काम मोजून प्रमाणपत्र देतो आणि मालक त्याप्रमाणे पैसे देतो. ही सही किती जड असते, याचा दाखला इंग्लंडमधल्या एका घराने दिला. सटक्लिफ नावाच्या गृहस्थांनी घर बांधायला घेतले. आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रांवर ते पैसे देत गेले. पुढे त्या ठेकेदाराला काढावे लागले, दुसऱ्याकडून काम पूर्ण करून घ्यावे लागले आणि पहिल्याचे दिवाळे निघाले. सदोष कामासाठीही पैसे दिले गेले होते, ते वसूल कोणाकडून करणार? सटक्लिफ यांनी आर्किटेक्टवर दावा लावला. 'प्रमाणपत्र देताना आम्ही पंच असतो, आमच्यावर दावा चालत नाही' हा बचाव १९७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. प्रमाणपत्र निष्काळजीपणे दिले, तर आर्किटेक्टला जाब द्यावा लागतो.

आपल्याकडे पुष्कळदा प्रमाणपत्रच नसते. 'साहेब, सळई महाग होते आहे, आठ लाख आगाऊ द्या' म्हटले की चेक फाडला जातो. २० लाखांच्या कामावर २८ लाख गेले आणि ठेकेदार फिरकेनासा झाला, की आठ लाख बुडाले. शिवाय अर्धवट काम हाती घेणारा नवा माणूस चढा दर लावणार तो वेगळाच. म्हणून पैसे कामाच्या मागे चालावेत, पुढे नव्हे.

समुद्राची अट

कोवलमसारख्या ठिकाणी निसर्गही एक पक्षकार असतो. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून आत शिरून सळई गंजवतात. म्हणून भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत 'तीव्र' परिस्थितीसाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. समुद्राचे तुषार थेट उडत असतील, तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. वहीतल्या पानावर 'उत्तम प्रतीचे काँक्रीट' लिहून हे मिळत नाही. आकडा लिहावा लागतो आणि चाचणीचे ठोकळे कोण तपासून आणणार, तेही.

दुसरा प्रश्न परवानगीचा. किनारा नियमन १९९१ पासून लागू आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार मंजूर किनारा आराखड्याच्या आधारे ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्तीत भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीत २०० मीटर ना-विकास क्षेत्र ठरते. ही परवानगी काढणे कोणाचे काम आणि ती नाकारली गेली तर फीचे काय, हे आर्किटेक्टशी केलेल्या करारात हवेच. 'ग्रामपंचायतीची परवानगी आहे' एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी कोचीजवळचे मरडू आठवावे. तिथल्या चार गृहसंकुलांना २००६ साली पंचायतीने परवाने दिले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये ती जमीनदोस्त झाली.

आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी हा किनारा विसरलेला नाही. अर्धवट बांधलेल्या घरावर अशी आपत्ती आली तर? ठेकेदाराने 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' प्रकारचा विमा काढावा, मजुरांच्या अपघाताची सोय करावी आणि पॉलिसीची प्रत मालकाला द्यावी, अशी अट असावी. तसाच आर्किटेक्टसाठी व्यावसायिक उत्तरदायित्वाचा विमा असतो. तो साधारणपणे दावा ज्या काळात केला जातो, त्या काळात पॉलिसी चालू असेल तरच उपयोगी पडतो. काम संपले म्हणून पॉलिसी बंद केली, तर तीन वर्षांनी निघालेल्या भेगेचा भार स्वतःच्या खिशावर. पॉलिसी चालू ठेवण्यात आर्किटेक्टचे जेवढे हित, तेवढेच मालकाचेही.

वाद झालाच तर?

बहुतेक नमुना करारांत लवादाचे कलम असते. लवाद कोण नेमणार, हे वाचल्याशिवाय सही करू नये. याबाबतचा गाजलेला निकाल आर्किटेक्टांच्याच प्रकरणात लागला. आंध्र प्रदेशातल्या गुंटूरजवळच्या 'एम्स'च्या आराखड्याचे काम पर्किन्स ईस्टमन आणि एडिफिस या संस्थांना मिळाले होते. पुढे ते रद्द झाले आणि वाद उभा राहिला. करारात लिहिले होते, की एकमेव लवाद काम देणाऱ्या सरकारी कंपनीचे प्रमुख नेमतील. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने सांगितले, की वादाच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे त्याने एकट्याने लवाद नेमणे योग्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच लवाद नेमला. छापील आहे म्हणून प्रत्येक कलम न्याय्य असते असे नाही, हेच यातून दिसते.

घरमालकाला ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. घर बांधून देणे ही 'सेवा' आहे, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ सालीच ठरले. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायला हवी. आणि तिथेही पहिला प्रश्न तोच असतो, 'लेखी काय आहे?'

सहीपूर्वी एवढे पाहाच

• आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक, कामाचे टप्पे, फी आणि साइटभेटी लिहिल्या आहेत का?
• सांगाड्याचे गणित आणि मातीची तपासणी कोण करणार, त्याचे नाव आहे का?
• नकाशे, साहित्याचे वर्णन आणि दरपत्रक कराराला जोडून त्यावरही सह्या झाल्या आहेत का?
• सुरुवातीची व शेवटची तारीख, रोखून ठेवायची रक्कम, दोषदायित्वाचा काळ भरला आहे का?
• छापील करारातले एखादे कलम खोडले असेल, तर ते का, हे विचारले आहे का?
• विम्याच्या प्रती हातात आल्या आहेत का?
• मोठी रक्कम गुंतत असेल, तर वकिलाला एकदा दाखवले आहे का?

कोवलमच्या त्या कुटुंबाने हे आधी केले असते, तर मे महिन्यात बाईंना ठेकेदाराशी पावसाळ्याचा काथ्याकूट करावा लागला नसता. करारातली तारीख दाखवून एवढेच विचारता आले असते, "स्लॅब कधी?" ठेकेदारालाही ते सोयीचेच, कारण आपले पैसे कधी येणार हे त्यालाही ठाऊक असते. ज्या घराचा हिशेब पहिल्या दिवशी कागदावर उतरतो, त्याच्या वास्तुशांतीला आर्किटेक्ट आणि ठेकेदार दोघेही हसतमुखाने पंगतीला बसतात.